उणे ऐंशी

"फ्रीजर मीच बंद केला साहेब," घुलेमामा म्हणाले. "ह्या बोटानं."

आणि त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट समितीला दाखवलं.

समितीनं बोट पाहिलं. समितीत तिघं होते. मध्ये आमचे संचालक डॉ. देवस्थळी, त्यांच्या डाव्या हाताला प्रशासन अधिकारी इनामदार आणि उजव्या हाताला एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना नारळ फोडायला आणि चौकशीत निःपक्षपातीपणा आणायला बोलावलं जायचं. इनामदारांनी समोरचं हिरवं रजिस्टर उघडलं, एका ओळीवर पेन टेकवलं आणि सांगितलं, की खंडेनवमीच्या दिवशी सकाळी दहाला फ्रीजरचं तापमान उणे ऐंशी होतं, संध्याकाळी चारला उणे एकोणऐंशी. खाली सही आहे. तेव्हा घुले, तुम्ही फ्रीजर बंद केलेला नाही.

"केलाय साहेब."

"मग रजिस्टर काय खोटं बोलतंय?"

बावीस वर्षांच्या नोकरीत रजिस्टर खोटं बोलू शकतं हे मामांच्या डोक्यात कधी आलं नसावं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी बशीतल्या बिस्किटाकडे बघायला लागलो.

रजिस्टर माझं होतं. सही माझी होती. आणि खंडेनवमीला सकाळी दहा वाजता मी कुर्डुवाडीला घरी, बहिणीच्या स्कूटरला हार घालत होतो.

*

हे मुक्या तापाच्या वर्षातलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि जतच्या पुढच्या माळावर विषाणूंवर संशोधन करणारी जी संस्था होती तिथं कनिष्ठ संशोधक होतो. कनिष्ठ संशोधक म्हणजे ज्याला सगळे 'ढोबळे, जरा' म्हणतात तो.

मुका ताप आधी आवाज न्यायचा. सकाळी माणूस हाक मारायला तोंड उघडायचा आणि नुसती हवा बाहेर पडायची. मग तीन-चार आठवडे तो धडधाकट हिंडायचा, जेवायचा, भांडायचा, सगळं हातवारे करून. आणि पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास त्याची छाती हलायची थांबायची. ताप थुंकीतून पसरायचा, त्यामुळे सगळा महाराष्ट्र एकमेकांचा आवाज तपासत होता. एसटीत चढताना गावाचं नाव दोनदा खणखणीत सांगावं लागायचं. लोक दुकानात शिरताना उगाच खाकरायचे. माझ्या एका काकानं काकूशी बोलणं अकरा वर्षांपूर्वी सोडलं होतं. त्याला शेजाऱ्यांनी तीन वेळा पकडून दवाखान्यात नेलं. चौथ्या वेळी तो काकूशी बोलला. आमच्या संस्थेच्या गेटवर आवाजाचं यंत्र होतं. रोज सकाळी त्याच्यासमोर पूर्ण नाव सांगायचं, दिवा हिरवा झाला की आत.

या तापावर औषध शोधायला संस्थेत चाळीस माणसं होती. त्यातल्या एकोणचाळिसांचं काम नाईकवडी मॅडमच्या कामाला अडथळा न आणणं एवढंच होतं, आणि तेही नीट होत नव्हतं. डॉ. वसुधा नाईकवडी. एक्कावन्न वर्षांच्या, शेलाट्या, कायम चिडलेल्या. त्यांनी राणी नावाच्या घोडीच्या रक्तातून सीरम बनवलं. सव्वा वर्ष लागलं. ते सीरम दिलेला आजारी उंदीर पाचव्या दिवशी चीं करून ओरडला, तेव्हा मॅडमनी मला सांगितलं, "ढोबळे, याला आज गूळ दे." त्यांना आनंदात मी पाहिलं ते एवढंच.

सीरमची एकच खोड होती. ते उणे ऐंशीला ठेवावं लागायचं. एकदा उणे साठच्या वर गेलं की फाटायचं, म्हणजे दिसायला तसंच, पाण्यासारखं स्वच्छ, पण टोचलं की उंदीर तासाभरात आचके देऊन मरायचा. पुन्हा गोठवून उपयोग नाही. माणसांसाठी पहिल्या खेपेला अकरा बाटल्या तयार झाल्या, आवारातल्याच वॉर्डात असलेल्या अकरा रुग्णांसाठी. अकरावं नाव डॉ. वसुधा नाईकवडी. एका रुग्णाच्या घशातला नमुना घेताना तो खोकला आणि त्यांचा मास्क सरकला होता. या गोष्टीच्या दिवशी त्यांचा आवाज जाऊन बारा दिवस झाले होते.

तेव्हापासून त्या पाटीवर लिहायच्या. लहान मुलांची दगडी पाटी, लाकडी चौकटीची. आवाज गेल्यावर त्यांचा राग कमी होईल असं काही जणांना वाटलं होतं. रोज तीन-चार खडू मोडायचे.

आता रजिस्टर. फ्रीजरचं तापमान दिवसातून दोनदा बघून लिहायचं, हे माझं काम. पहिला महिनाभर मी ते केलं. मग माझ्या लक्षात आलं, की आकडा बदलतच नाही. उणे ऐंशी, एकोणऐंशी, एक्क्याऐंशी. जे घडणार हे माहीत आहे ते घडल्यावर लिहायचं, यात शास्त्र कुठं आहे? म्हणून मी एक तारखेला बसून अख्खा महिना लिहून टाकायला लागलो. आणि वाईट लिहीत नव्हतो. तीन पेनं वापरायचो. सोमवारी अक्षर जरा पेंगुळलेलं काढायचो. एकदा उन्हाळ्यात उणे अठ्ठ्याहत्तर लिहून पुढं 'दार उघडे राहिले होते, बंद केले' असा शेराही मारला होता. दिवाळीच्या पानावर चहाचा डाग पाडला होता. इनामदारांनी ते रजिस्टर तपासणीला आलेल्या लोकांना नमुना म्हणून दाखवलं. माझ्या हातून झालेलं तेवढं एकच लेखन लोकांनी विश्वासानं वाचलं.

*

आणि खंडेनवमी. संस्थेत यंत्रांची पूजा दरवर्षी व्हायची. घुलेमामा आदल्या दिवशी सगळी यंत्रं पुसायचे, नवमीला बंद करून हळद-कुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. यंत्रानं वर्षभर राबावं आणि एक दिवस निजावं, असं मामांचं म्हणणं. पण फ्रीजरला ते चालूच ठेवायचे. त्याला नुसता हार. "हे लेकरू निजलं तर उठत न्हाई," असं म्हणायचे.

त्या वर्षी मात्र परिपत्रक निघालं. झालं होतं असं, की मागच्या वर्षीच्या पूजेच्या फोटोत फ्रीजरचा लाल दिवा चमकत होता. संस्थेच्या विश्वस्तांपैकी एकांनी तो फोटो बघून संचालकांना विचारलं, की नवमीला एक यंत्र चालू राहिलं तर संशोधनाला यश कसं येणार? देवस्थळींनी लगेच कागद काढला. खंडेनवमीनिमित्त संस्थेतील सर्व यंत्रे दसऱ्याअखेर बंद ठेवून त्यांचे पूजन करावे. मामा तो कागद घेऊन ऑफिसात गेले आणि विचारलं, सर्व म्हणजे फ्रीजरसुद्धा का? आतून निरोप आला, सर्व म्हणजे सर्व, आणि घुले आम्हाला मराठी शिकवायला लागले का? फ्रीजर बंद पडला तर ठणाणा करणारी घंटा होती. तिची बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच काढलेली होती, कारण देवस्थळी मंत्र्यांशी व्हिडिओवर बोलत असताना ती वाजली होती.

नवमीला, म्हणजे शनिवारी सकाळी, मामांनी बटण दाबलं. मंगळवारी मला सगळं सांगताना ते म्हणाले, "दोनदा बटनावरनं बोट काडलं. पन कागद हुता." मॅडम वॉर्डात होत्या, मी कुर्डुवाडीला, आणि ऑफिसला दसऱ्याचं कुलूप. सोमवारी सकाळी नऊला मामांनी फ्रीजर चालू केला. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा उणे ऐंशीला पोचला, जसं काही झालंच नाही. पण मामा नऊ वाजून पाच मिनिटांनी ऑफिसात जाऊन सांगून मोकळे झाले होते, की औषधं वितळली असणार, ती कुणाला टोचू नका.

हेच कुणाला नको होतं. बुधवारी सकाळी मंत्री येणार होते. बाटल्यांच्या पेटीला लाखेचं सील होतं आणि ते मंत्र्यांच्या हस्ते फुटायचं होतं. पहिलं इंजेक्शन स्वतः मॅडम घेणार, कॅमेऱ्यांसमोर. फ्रीजर बंद होता म्हटलं तर परिपत्रक कुणाचं हा प्रश्न येत होता. फ्रीजर चालू होता म्हटलं तर कुठलाच प्रश्न येत नव्हता.

म्हणून समिती. आणि मंगळवारी साडेअकरा वाजता समितीचा निर्णय झाला, की फ्रीजर चालू होता आणि कर्मचारी सोपान घुले यांनी न केलेल्या कृत्याची खोटी कबुली देऊन संस्थेची बदनामी केली. निलंबन.

मामा बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मी म्हणालो, "मामा, मी..."

"तुमी त्या दिवशी हितं नव्हता," ते म्हणाले. प्रश्न नव्हता. "मला वाटलं, तुमी बोलशीला."

"बोलणार होतो."

"बिस्किट खाऊन झालं का?"

ते कुणाला टोचून बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्यावरच चिडलो. म्हणालो, की कागदावर काहीही लिहिलेलं असेल, तुम्हाला अक्कल नव्हती का? सर्व म्हणजे सर्व! उद्या कागद निघाला की घोडी बंद करा, तर घोडी बंद कराल का?

मामा म्हणाले, "चूक माजीच हाय. म्हनून तर सांगतुया. तुमची कुनाची हाय, ते तुमी सांगा."

*

दुपारी मॅडमनी मला वॉर्डावर बोलावलं. वॉर्डाच्या काचेच्या आत त्या उभ्या, बाहेर मी. त्यांनी पाटी काचेला लावली.

*रजिस्टर तू लिहितोस?*

"हो मॅडम."

हातानं पुसून पुन्हा: *रोज?*

"रोज."

*शनिवारी?*

इथं सांगायला हवं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. समिती नव्हती, इनामदार नव्हते. एक बाई, जिला उद्या ते टोचणार होते, ती विचारत होती. मी मनात वाक्य जुळवलं. पण ते वाक्य कसंही जुळवलं तरी त्याच्या शेवटी माझी नोकरी, माझी पीएचडी, माझ्या आईचं 'आमचा हर्षद शास्त्रज्ञ आहे' हे सगळं आडवं पडत होतं.

"शनिवारीसुद्धा," मी म्हणालो. "उणे ऐंशी."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं, *ठीक. घुलेंना भास झाला असेल. म्हातारे झालेत.* आणि खाली लहान अक्षरात, *मग उद्या घेते.*

खडू मोडला नाही. त्या बारा दिवसांत मी पाहिलेलं पहिलं वाक्य, ज्यात खडू मोडला नाही.

मी तिथून थेट फ्रीजरकडे गेलो. मला असा पुरावा हवा होता, की जो फ्रीजर बंद होता हे सिद्ध करेल, मामांना सोडवेल, मॅडमना थांबवेल आणि माझ्याबद्दल काहीही म्हणणार नाही. मागणी मोठी होती. पण सगळ्यात खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात, ती वाटी होती.

फ्रीजर नवा आला तेव्हा मामांनी त्याला दक्षिणा म्हणून स्टीलच्या वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवलं होतं. सात वर्षं ते नाणं बर्फावर बसून होतं. मी एकदा चहाला सुटे नव्हते म्हणून ते उचललं होतं आणि मामांनी मला टपरीवरून परत आणायला लावलं होतं. नाणं वर होतं, हे मी स्वतःच्या हातानं जाणत होतो.

आता ते तळाला होतं. वर बोटभर बर्फ, नितळ, आणि खाली रुपया. सात वर्षं वर बसलेलं नाणं दोन दिवसांत बर्फातून खाली जात नाही. बर्फाचं पाणी झाल्याशिवाय नाही.

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी वाटी रुमालात धरून पळत सुटलो.

*

समिती तीन वाजता पुन्हा बसली. मामांना बोलावलं, मॅडम मास्क लावून दाराशेजारच्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर पाटी. मी वाटी टेबलावर ठेवली आणि नाण्याची हकीकत सांगितली. स्वतःला मी त्यात कुठंही आणलं नाही. चांगली सांगितली. न्यायाधीशसुद्धा वाटीवर वाकले.

इनामदार म्हणाले, की हे ठीक आहे, पण या वस्तूला आवक क्रमांक आहे का?

नव्हता. आवक क्रमांकाशिवाय समितीपुढं काही येऊ शकत नाही. आवक रजिस्टर ज्यांच्याकडे ते कारकून बँकेत गेले होते. तोपर्यंत इतिवृत्तात हिचा उल्लेख काय करायचा, यावर चर्चा झाली. 'वाटी' म्हटलं तर ती संस्थेची की घुल्यांची? 'बर्फ' म्हटलं तर तो जतन कसा करणार? देवस्थळी म्हणाले, 'गोठित पदार्थ' लिहा. न्यायाधीश म्हणाले, आत नाणं आहे, त्याचं काय? मग 'नाणेयुक्त गोठित पदार्थ' ठरलं. मी दोनदा म्हणालो, की ही आधी फ्रीजरमध्ये परत ठेवू का? इनामदार म्हणाले, समितीपुढं आलेली वस्तू परवानगीशिवाय हलवता येत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं.

कारकून पावणेपाचला आले. वाटीवर क्रमांक चिकटवला. आणि समितीनं पुरावा तपासायला घेतला.

वाटीत पाणी होतं. पाण्याच्या तळाला एक रुपया.

"पाण्यात नाणं तळालाच असणार," देवस्थळी शांतपणे म्हणाले. "यात ढोबळेंना विशेष काय वाटलं?"

मी हसलो. खरंच हसलो, मोठ्यानं, आणि थांबता येईना. इनामदारांनी विचारलं, काय झालं? मी मॅडमकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू प्रयोगातला एक आकडा जुळत नाही आणि तो कुठला ते आत्ता लक्षात आलंय. नाण्याची गोष्ट खरी असेल तर रजिस्टर खोटं, हे त्या खोलीत त्यांना एकट्यांना समजलं होतं.

मग मी बोललो. म्हणालो, की रजिस्टर खोटं आहे. शनिवारचं नाही, सगळं. दीड वर्षाचं. मी एक तारखेला बसून महिना लिहितो. शनिवारी मी कुर्डुवाडीत होतो. चहाचा डागसुद्धा मी पाडलाय.

मग देवस्थळी वडीलकीच्या सुरात म्हणाले, की ढोबळे, घुल्यांबद्दल तुम्हाला माया आहे, ती आम्ही समजू शकतो. पण एका कर्मचाऱ्याला वाचवण्यासाठी स्वतःच्या उत्तम कामाची अशी बदनामी करू नका.

"सर, मीच लिहिलंय ते. मी सांगतोय ना, खोटं आहे."

"तुमच्याकडे पुरावा?"

"गेटच्या यंत्रात बघा. शनिवारी माझा आवाज नाही."

इनामदारांनी चष्मा काढला. "शनिवारी गेटचं यंत्र बंद होतं. परिपत्रकाप्रमाणे."

दारापाशी उभे असलेले मामा म्हणाले, "मग फ्रीजर कसा चालू आसंल साहेब? येकाच कागदावर दोघं हुते."

इनामदारांनी चष्मा पुन्हा लावला. मग न्यायाधीशांनी विचारलं, चहा येईल का?

मॅडम उठल्या. त्यांनी पाटीवर काही लिहिलं नाही. सरळ बाहेर पडल्या, आणि त्या कुठं जाताहेत हे कळायला समितीला इतका वेळ लागला, की आम्ही सगळे प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा त्यांनी पेटीचं सील कात्रीनं फोडलेलं होतं. देवस्थळी ओरडले, की ते मंत्र्यांचं आहे. मॅडमनी अकरा बाटल्यांतून एक उचलली आणि चिठ्ठी आमच्याकडे फिरवून धरली. वसुधा नाईकवडी. त्यांची स्वतःची. ती त्यांनी तळहातात धरून वितळवली, सुईत भरली आणि पिंजऱ्यातल्या आठ नंबरच्या उंदराला टोचली. तोच, गूळ खाल्लेला.

मग स्टुलावर बसून राहिल्या. आम्ही उभे. उंदीर दहा मिनिटं पिंजऱ्यात फिरला, दाणे खाल्ले, मिशा पुसल्या. देवस्थळींच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला. विसाव्या मिनिटाला तो एका कुशीवर झाला. मामांनी तोंड फिरवलं. मी बघत राहिलो, कारण निदान हे तरी बघून लिहायला हवं होतं.

मॅडमनी घड्याळ पाहून पाटीवर लिहिलं, *५.५२. मेला.* पाटी आणि खडू देवस्थळींपुढं धरले. सही करा, अशी खूण केली. देवस्थळींनी हात मागं घेतले. इनामदार म्हणाले, पाटीवर सही करण्याची पद्धत नाही. तेव्हा त्या म्हाताऱ्या न्यायाधीशांनी पुढं होऊन खडू घेतला आणि पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. पाटी पुसली नाही. दुसऱ्या बाजूला गणित मांडलं, दुसरीतल्या मुलाला समजावं तसं. *३५ – १२ = २३.* त्याखाली, *नवीन सीरम: ३०.* आणि ते माझ्यासमोर धरलं. मी वाचलं याची खात्री होईपर्यंत धरून ठेवलं.

त्यांना शिव्या देता येत असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी त्यांनी बाहीनं दोन्ही बाजू पुसल्या आणि इतक्या जोरात लिहिलं, की खडूचे तीन तुकडे झाले. *उद्या सकाळी १०. वॉर्डावर. खरा आकडा. मोठ्यानं.*

*

मंत्र्यांचा दौरा प्रकृतीच्या कारणास्तव रद्द झाला. कुणाच्या प्रकृतीच्या, ते बातमीत नव्हतं. मामांचं निलंबन कायम राहिलं, फक्त कारण बदललं. आता त्यांनी फ्रीजर बंद केला होता. परिपत्रकाची प्रत मागितली तर सापडेना. मला लेखी समज मिळाली आणि नवं रजिस्टर. निलंबित मामा तरीही रोज यायचे, कारण राणी घोडी त्यांच्याशिवाय कुणाला मानेला हात लावू द्यायची नाही आणि रक्त काढल्याशिवाय नवं सीरम होणार नव्हतं. गेटवर ते नाव सांगायचे, निलंबनामुळे दिवा लाल व्हायचा, मामा बाजूच्या कुंपणातून आत यायचे.

मॅडम काचेआडून पाटीवर हुकूम सोडायच्या आणि मी पळायचो. आणि रोज दहाला मी काचेसमोर उभा राहून ओरडायचो. उणे अठ्ठ्याहत्तर. उणे एक्क्याऐंशी. एकदा उणे एकाहत्तर होतं. एकाहत्तरच ओरडलो. त्यांनी लिहिलं, *दार कुणी उघडं टाकलं?* मी म्हणालो, मी. त्यांनी काचेवर इतक्या जोरात हात मारला, की नर्स धावत आली. पंधराव्या दिवशी मी माफी मागायचा प्रयत्न केला. अर्धं वाक्य झाल्यावर त्यांनी पाटी उचलली. *आकडा.*

त्यांनी मला माफ केलं नाही. याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, हे मला समजायला बरीच वर्षं लागली.

तेविसाव्या सकाळी त्या उशाला टेकून बसल्या होत्या आणि पाटी त्यांच्यासाठी नर्सनं धरली होती. श्वास मोजून येत होता. मी ओरडलो, "उणे ऐंशी."

डोळे उघडले. खडू खूप वेळ पाटीवर हलत राहिला. अक्षर मोठं आणि तिरपं.

*इतका गोल? परत बघून ये.*

मी गेलो. आवार ओलांडून, जिना चढून. फ्रीजरच्या आकड्याच्या काचेवर बाष्प होतं, ते पुसलं. उणे ऐंशी. दोन मिनिटं थांबलो, बदलतोय का बघायला. नाही बदलला. मामांनी वाटीतल्या नव्या बर्फावर पुन्हा ठेवलेलं नाणंही बघून घेतलं. वर होतं. धावत परत आलो. नर्स पाटी बाजूला ठेवून पडदा ओढत होती.

मी तरीही सांगितलं. मोठ्यानं.

नवं सीरम आठवड्यानं तयार झालं. उरलेल्या दहा जणांतले सहा वाचले, आणि त्यानंतर किती ते आता कुणी मोजत नाही. ते हिरवं रजिस्टर अजून संस्थेत आहे, आणि त्याच्या पुढचंही. पुढच्यातल्या त्या तारखेच्या सकाळच्या रकान्यात दोन नोंदी आहेत, दोन्ही उणे ऐंशी. तपासणीला येणारे विचारतात, की एकाच वेळचा आकडा दोनदा का लिहिलाय?

दोनदा बघितला म्हणून.